थंड लाल

शनिवारी अकरा डीव्हीडी रायटर आणले, किलोच्या भावात.
लक्ष्मीपुरीतला भंगारवाला दस्तगीर म्हणाला,
आता कोण बघतंय गं ह्यात पिक्चर?
मी बघणार नव्हते. फोडणार होते.
प्रत्येकाच्या पोटात, रिबनच्या घडीमागं,
ज्वारीच्या दाण्याएवढा एक डायोड.
अकरातले सहा जगले.

ब्लॉक उद्यमनगरात, बापूसो चौगुलेंच्या मिलिंगवर.
अॅल्युमिनियमची लादी, सहा भोकं,
एकेक भोक एकेक पायरी खाली.
हे कशाचं म्हणायचं?
जिना, म्हटलं. उजेडाला उतरायला.
त्यांनी मजुरी घेतली नाही,
चुरा तेवढा ठेवून घेतला.

पहिला डायोड बसवताना अंगात नायलॉनचा स्वेटर.
कोरडी सकाळ, बोटाला बारीकसा चटका,
ठिणगी दिसलीसुद्धा नाही.
वायर जोडली तर दाणा नुसता मिणमिणला
उदबत्तीच्या टोकासारखा, आणि तसाच राहिला.
मेलेला डायोड विझत नाही.
त्याचा लेसर होत नाही, एवढंच.

मग मनगटाला तार, तार नळाला,
दावणीच्या म्हशीसारखी बांधून घेऊन
उरलेले पाच बसवले.

चष्मा हिरवट आहे. त्यातून लाल दिसत नाही,
त्यासाठीच तो असतो.
आईनं ताट आणलं तेव्हा काढायचा राहिला.
तांबडा रस्सा डांबरासारखा,
तिचं कुंकू काळं,
आणि ती विचारतेय, मीठ बरोबर आहे का.

आरसे जुन्या स्कॅनरमधले, नखाएवढे कापलेले.
स्प्रिंगा बॉलपेनातल्या.
एक किरण आरशावर वळतो,
दुसरा त्याच आरशाच्या कडेला खेटून सरळ जातो.
स्क्रू पाव आटा फिरवला की
भिंतीवरचा ठिपका वीतभर पळतो.
एकाला आणावं तर दुसरा कॅलेंडरवर.
आठ रात्री हेच.
नवव्या रात्री पाचही सरकत सरकत एकमेकांत बुडाले
आणि मोजायला काही उरलं नाही.

आप्पा तीस वर्षं फौंड्रीत, भट्टीच्या तोंडाशी.
लोखंड किती तापलंय ते रंगावर सांगायचे:
करवंदी, गाजरी, मग संत्र्याची साल,
मग हळद,
मग बघवत नाही.
त्यांना करंट कमी करून दाखवला.
बराच वेळ बघितलं. तळहात पुढं केला.
म्हणाले, लाल हाय, पर तापल्याला न्हाई.
ह्यो थंड लाल.

मी करंट वाढवला, कार्बनपेपर धरला.
धुराची एक रेघ.
आप्पांनी नाक पुढं करून वास घेतला.
आता कळ्ळं. बोलत न्हाई, पर चावतो.

कसं कुणास ठाऊक, मंडळापर्यंत गेलं.
ऋतुराज आला, पाकीट घेऊन.
मिरवणुकीला आठ महिने होते.
किती लांब जातो, त्यानं विचारलं.
त्याचा चुलतभाऊ गोलकीपर होता.
दोन वर्षांपूर्वी मिरवणुकीत ट्रॉलीवरच्या लाइटकडं बघत राहिला,
आता उजव्या डोळ्याच्या मधोमध
चेंडू आला की नाहीसा होतो.
ऋतुराजला हे मी सांगायला नको होतं.
नाही म्हटल्यावर तो म्हणाला, मग केलास कशाला?
ह्याचं उत्तर मी अजून जुळवतेय.

त्या रात्री गच्चीवर नेला.
रंकाळ्याकडून धुकं चढत होतं,
त्यात किरण आखल्यासारखा.
लांबच्या टाकीवर ठिपका, स्थिर.
आप्पा मफलर सोडून बघत राहिले.
तिथं कोण ऱ्हातं?
टाकी आहे आप्पा, पाण्याची.
अन् टाकीच्या मागं?

मी पाचांचा स्विच बंद केला.
सहावा वेगळ्या तारेवर होता, काढला नव्हता.
त्याच्या उजेडात
झाकणाचे तीन स्क्रू सापडले.
चौथा आप्पांच्या चपलेखाली होता.